बुधवारची माणसं

कुणाच्याही घरी गेल्या तरी सिस्टर सोफ्यावर बसायच्या नाहीत. "पाणी माझं मी घेते," म्हणत थेट स्वयंपाकघरात शिरायच्या. घरच्या बाईला ओशाळायला वेळही मिळायचा नाही. ग्लास विसळून बाहेर यायच्या, तेव्हा त्या घरात कुणाचं पथ्य चाललंय आणि कोण कुणाशी बोलत नाही, हे त्यांना कळलेलं असायचं.

सरकारी नोकरीत नर्स म्हणून त्यांनी उमेदीची वर्षं बदलापूर-वांगणीच्या वाड्यांवर काढली होती. निवृत्तीनंतरही नावाने त्यांना कुणी हाक मारली नाही. मी कारखान्यातून निवृत्त झालेला, अंबरनाथ पश्चिमेच्या एका छोट्या सेवा मंडळाचा सचिव. पालेगावच्या नव्या इमारतींमधला एक तळमजल्याचा हॉल मंडळाला वापरायला मिळाला आणि आमची गाठ पडली.

तुमच्याकडेही असा एखादा हॉल असेल. त्याचं काय करायचं यावर सभा भरली की काय होतं, ते तुम्ही पाहिलंच असेल. आम्ही मात्र हुशारी केली. लोकांनाच विचारायचं ठरवलं. दोन-तीन रविवार घरोघर फिरलो. बहुतेकांना व्यायामशाळा हवी होती. बैठकीत मी हे ऐटीत सांगितलं.

सिस्टर मंडळात नव्या होत्या. म्हणाल्या, "सेक्रेटरीसाहेब, रविवारी विचारलंत ना? मग रविवारच्या माणसांनी उत्तर दिलं. आता बुधवारच्या माणसांना विचारू."

बुधवारी दुपारी आम्ही दोघं गेलो. वॉचमन म्हणाला, "मॅडम, अभी कोई नहीं मिलेगा. सब लोग ऑफिस जाते हैं."

"सब लोग?" सिस्टर म्हणाल्या आणि जिना चढू लागल्या.

चौथ्या मजल्यावर एका सेफ्टी डोअरला बाहेरून कुलूप होतं, आणि जाळीमागे एक म्हातारे गृहस्थ उभे होते. पांढरा सदरा, नीट विंचरलेले केस. "कोण हवंय?" त्यांनी अदबीने विचारलं. "मुलगा-सून कामावर गेलीत. मला आप्पा म्हणतात."

सिस्टर काही बोलणार, एवढ्यात मला करपल्याचा वास आला. आप्पांच्या मागे धुराची रेघ दिसू लागली.

"आप्पा, गॅसवर काही ठेवलंय का?"

"नाही बुवा."

"एकदा बघून या. खटका फिरवून गॅस बंद करा."

आप्पा आत गेले आणि हसत परत आले. "कोण हवंय?"

मी कुलूप ओढायला लागलो. सिस्टरांनी माझा हात बाजूला केला आणि जाळीला तोंड लावून, नातवंडाशी बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, "आप्पा, माझ्याबरोबर म्हणा. गॅस बंद."

"गॅस बंद."

"हेच म्हणत आत जा. मोठ्यांदा. मला ऐकू आलं पाहिजे."

आप्पा निघाले. "गॅस बंद, गॅस बंद..." आवाज आत आत गेला, मध्येच थांबला. सिस्टरांनी बाहेरून सूर धरला, "गॅस बंद!" आतून पुन्हा उत्तर आलं. मग खटक्याचा आवाज. आप्पा बाहेर आले तेव्हाही ते म्हणतच होते. सिस्टर तिथेच पायरीवर बसल्या. पदराने चेहरा पुसत त्यांनी मला दोनदा विचारलं, "खटका वाजला ना? तुम्हीही ऐकलात ना?" तोवर मला वाटत होतं, ही बाई कशालाच घाबरत नाही.

वॉचमनकडून निरोप देऊन आम्ही तिथेच थांबलो. संध्याकाळी मुलगा आला तो तडकूनच. "कुलूप लावतो म्हणून आम्ही राक्षस नाही! एकदा बाहेर पडले ते पार कल्याणपलीकडे शहाडला सापडले, दुसऱ्या दिवशी. सांगा ना, काय करू? नोकरी सोडू?"

"तुम्ही कुलूप लावलंत म्हणून ते रोज घरी सापडताहेत," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "चूक काढायला नाही आले. कुलपाशिवाय काय करता येईल, ते बघायला आलेय."

तो दाराशी उभ्याउभ्याच रडला.

पुढच्या बुधवारांत अशी आणखी घरं सापडली. सिस्टरांनी मंडळापुढे सरळ मागणी ठेवली. हॉल अशा आजी-आजोबांसाठी, रोज सकाळपासून मुलं कामावरून येईपर्यंत. अध्यक्ष म्हणाले, "उद्या तिथं कुणी पडलं, तर जबाबदार कोण?"

"आज घरात पडलं, तर कोण आहे?"

व्यायामशाळा मागे पडली.

सांभाळायला त्यांनी पालेगावातल्याच बायका निवडल्या. जिथे इमारती उठल्या, तिथे पूर्वी त्यांची भातशेती होती. उचलायचं कसं, भरवायचं कसं, हे सिस्टरांनी त्यांना शिकवलं. गप्पा मारायला शिकवावं लागलं नाही. "इकरं या बाबा, वाल सोला माझ्यासंगं," म्हणत त्यांच्यातल्या यमुनाबाईंनी पहिल्याच दिवशी आप्पांना कामाला लावलं. उल्हासनगरचा सिंधी दुकानदार स्वस्तात प्लॅस्टिकच्या खुर्च्या देत होता. सिस्टरांनी त्या परत पाठवल्या. "हात नसलेल्या खुर्चीतून म्हातारा उठेल कसा, शेठ? आधी तुम्ही उठून दाखवा." शेठ बसले, उठताना टेबल धरावं लागलं, आणि हातांच्या खुर्च्या त्याच भावात आल्या.

आप्पा बरे झाले नाहीत. तो आजार बरा होत नाही. पण दुपारी ते माणसांत असायचे आणि त्यांचा मुलगाही माणसात आला होता.

वर्ष-दीड वर्षाने एकदा मी आणि सिस्टर हॉलवर गेलो, तर आत जोरदार भांडण चाललेलं. आमटीत गूळ घालायचा की नाही, यावर दोन आज्या आणि यमुनाबाई हमरीतुमरीवर आल्या होत्या. मी मिटवायला पुढे झालो. सिस्टरांनी मला बाहीला धरून मागे ओढलं. दाराबाहेर उभ्या राहून, डोळे मिटून, गाणं ऐकावं तसं त्यांनी ते भांडण ऐकलं.

"आपल्याला विचारायला कुणी आलं नाही," त्या खुशीत म्हणाल्या. "झालं आपलं काम."

आत न जाताच त्या वळल्या. महिनाभरात बारवी धरणाकडच्या एका वाडीवर राहायला निघाल्या. बदलापूरच्या टमटम स्टँडवर मी पोचवायला गेलो होतो. टमटम भरायची वाट बघत त्या मागच्या बाकावर बायकांच्या गर्दीत बसल्या होत्या.

"तिकडे काय सुरू करणार, सिस्टर?"

"मला काय माहीत?" त्या म्हणाल्या. "अजून कुणाला विचारलंच नाही." आणि शेजारी बसलेल्या, मांडीवर मूल घेतलेल्या बाईकडे वळून त्यांनी बोलायला सुरुवातही केली. टमटम सुटली तेव्हा मी हात हलवला. त्यांचं लक्ष नव्हतं.