खोकल्याची रेकॉर्ड

धोंडू रेकॉर्डला हात लावण्याआधी कोपरापर्यंत साबणाने हात धूत असे. कानात सेफ्टी पिन, दोन्ही बाजूंनी भादरलेलं डोकं, बाह्या फाडलेला शर्ट, आणि हात मात्र पूजेला बसणाऱ्यासारखे स्वच्छ. टॉवेल घ्यायचा नाही, त्याचे धागे रेकॉर्डला लागतात म्हणून. हात वर धरून, ते वाळेपर्यंत आमच्या स्वयंपाकघरात उभा राहायचा. मग मला म्हणायचा, "मोहन, तू पन धू. मालकाच्या पोरासारखा बसू नको." प्लेअर आमच्या घरचा होता, तरी मी निमूट उठून हात धूत असे.

ही सत्तरच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. आमच्या बेटाच्या राजधानीत, पोर्ट लुईच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. तो प्लेन दे पपाय गावचा, घरचे ऊस तोडणारे. आम्ही व्हाकोआचे; माझे वडील शाळेत मराठी शिकवत आणि संध्याकाळी बैठकेत, म्हणजे आपल्या लोकांनी चालवलेल्या वर्गातही. धोंडूची थोरली बहीण इंग्लंडात नर्स होती. जुन्या बाजारात कुणी घेत नाही अशा आरडाओरड्याच्या रेकॉर्ड तिला स्वस्तात मिळत, त्या ती सुट्टीवर येणाऱ्या मैत्रिणींबरोबर भावाला पाठवी. त्याच्याकडे पंकच्या रेकॉर्ड होत्या आणि प्लेअर नव्हता. आमच्याकडे बाबांनी भजनांसाठी घेतलेला प्लेअर होता. म्हणून दर रविवारी साखरेच्या गोणीत रेकॉर्ड गुंडाळून, ती गोणी मांडीवर घेऊन धोंडू दोन बस बदलत आमच्याकडे येई.

पहिल्यांदा त्याचं भादरलेलं डोकं पाहून बाबा दारातच थांबले. आवाज खाली आणून म्हणाले, "कोण गेलं रे बाळा? वडील?"

"कोन नाय गेला, गुरुजी. बाबा ऊस तोडतायत. ही फेसन हाय."

बाबा क्षणभर गोंधळले. मग म्हणाले, "बस. जेवून जा."

त्याच्या आदल्याच आठवड्यात माझा बाही फाडलेला शर्ट त्यांनी कचऱ्यात टाकला होता.

रेकॉर्डांची खरी नावं आम्ही कधी घेतली नाहीत. एक 'पिवळी' होती, तिची गाणी इतकी आखूड की चहा निवेपर्यंत तीन संपायची. एक 'बाईची', कुंपणापलीकडच्या शेजारणीशी कोंबड्यांवरून भांडावं तशी ती बाई गायची. आणि धोंडूची सर्वांत लाडकी 'खोकल्याची'. सुई टेकली की आधी लांबून कुणीतरी खोकायचं, मग कुणी चार आकडे मोजायचं, आणि मग मांडणीवरची सगळी भांडी एकदम कोसळावीत तसं गाणं सुरू व्हायचं.

"त्यांना खोकला काढून टाकता आला असता," मी एकदा म्हणालो.

"पन काढला नाय ना! मानूस खोकतो. खोकला तर खोकला." गिटारवाल्यांना तीनच सूर येतात असं मी हिणवलं, तर म्हणाला, "तीन पुरे. चवथा मालकाला ठेव." हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं. जेवताना तिसऱ्या पोळीनंतरही तो आईला हेच सांगायचा, आणि ती हसून चौथी वाढायची.

एका रविवारी बाबा आतून आले. मला वाटलं, आता प्लेअर बंद होणार. त्यांनी धोंडूला विचारलं, "काय म्हणतोय हा?"

धोंडू ऐकत ऐकत सांगू लागला, "म्हनतोय, गुरुजी, काम मोप हाय, पन दुसऱ्याच्या पोरांना. आमी भिताडाला टेकून उभे."

"मोप," बाबा म्हणाले. "माझी आई म्हणायची मोप."

पुढच्या रविवारी धोंडू यायच्या आधीच बाबांनी आपली खुर्ची प्लेअरजवळ आणून ठेवली होती.

माझं मराठी बाबांनीच घडवलेलं. बोलताना मध्येच बेटावरच्या बोलीतला, क्रिओल शब्द आला की जेवत्या ताटावरही ते मला थांबवत. धोंडूची भाषा त्याच्या घरात पणज्यापासून चालत आलेली, शाळेचा हात न लागलेली. मी 'खूप' म्हटलं तर बाबा 'बरोबर' म्हणत. धोंडू 'मोप' म्हणाला की डोळे मिटत. माझं इंग्रजी त्याच्याहून चांगलं होतं. गाण्यातले शब्द त्याच्याआधी मला कळत. तरी हा काय म्हणतोय, हे बाबांनी मला एकदाही विचारलं नाही. ती गाणी मला त्याच्याइतकीच आवडत होती, पण रविवार आला की धोंडूची बस चुकावी असं मला वाटायचं.

मग एका उन्हाळ्यात सायक्लोनचा इशारा झाला. धोंडूचं घर पत्र्याचं, आमचं सिमेंटचं. असा इशारा झाला की लोक जपायच्या वस्तू पक्क्या घरात आणून ठेवत. शेवटच्या बसने धोंडू गोणी घेऊन आला, ती बाबांच्या हातात दिली, "आई वाट बघते" म्हणाला आणि आल्या पावली परत गेला.

वारा सुटल्यावर बाबांनी आपलं ब्लँकेट त्या गोणीवर घातलं. मी शेजारीच बसलो होतो. खिडकी निखळून पाणी आत आलं तेव्हाही ते म्हणाले, "धोंडूचं घर उभं असेल का रे?" थोड्या वेळाने पुन्हा तेच. माझे पाय पाण्यात होते.

वारा पडल्यावर असं ऊन पडलं की डोळे उघडवेनात. आईने सगळं गच्चीवर वाळत घातलं. गाद्या, तांदूळ, देवांच्या तसबिरी, बाबांची पुस्तकं. मग जिन्यातून मला हाक मारली, "अरे, धोंडूच्या काळ्या ताटल्याही भिजल्यात. घालू का उन्हात?"

रेकॉर्ड उन्हात ठेवायची नसते, हे धोंडूने मला दर रविवारी बजावलेलं होतं.

मी म्हणालो, "घाल."

दुपारपर्यंत एकेक रेकॉर्ड अळूच्या पानासारखी कडांनी वर आली होती. दोन दिवसांनी धोंडू आला. आईने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि त्याला म्हणाली, "माझ्याच हातून झालं, बाळा. मला कळलं नाही." आणि रडायला लागली. मी तिथेच उभा होतो.

धोंडूने 'खोकल्याची' उचलली, पालथी केली, परत सुलटी केली. "पा त्राका, काकी. चिंता नको करू. आमचा अख्खा पत्रा गेला, ह्या कसल्या ऱ्हातायत!" सगळ्या गोणीत भरून तो घेऊन गेला.

आता रविवार माझे होतील असं मला वाटलं होतं. पुढच्या रविवारी बाबा नेहमीच्या वेळी प्लेअरजवळ बसले, थोडा वेळ बसून उठले. मी भजनाची रेकॉर्ड काढली. "राहू दे," म्हणाले. त्यानंतर ते रविवारी "जरा जाऊन येतो" म्हणून बाहेर पडू लागले. एकदा मी मागोमाग गेलो. दोन बस बदलून ते प्लेन दे पपायला उतरले आणि धोंडूच्या घरामागच्या छोट्या भाजीच्या मळ्याकडे वळले.

मी उसाच्या आड उभा राहिलो. मळ्यातल्या खोपटात बाबा लाकडी खोक्यावर बसले होते. पाखरं घाबरावीत म्हणून वाकड्या रेकॉर्ड दोरीला टांगलेल्या होत्या आणि वाऱ्यावर गिरक्या घेत होत्या. धोंडूने पालथा डबा पुढ्यात घेतला. आधी तो खोकला. मग चार आकडे मोजले. मग डबा बडवत अख्खी रेकॉर्ड गायला, एकामागून एक गाणी, त्याच क्रमाने. पहिली बाजू संपल्यावर गप्प झाला, जणू रेकॉर्ड उलटायची आहे, आणि बाबाही तेवढा वेळ डोळे मिटून थांबले. दुसऱ्या बाजूला एका ठिकाणी सुई नेहमी अडकायची. तिथे धोंडूही अडकला, पुन्हा अडकला, आणि बाबा मोठ्याने हसले. ते हसणं आमच्या घरात मी कधी ऐकलं नव्हतं.

बाबा हयात होते तोवर हे चाललं. पुढे धोंडूचे केस गेले, पिन गेली. त्याने टोमॅटो आणि कांदे पिकवले, आणि गणपतीत ढोलकी वाजवली. आमच्या लोकांत मात्र एक विनोद उरला. व्हाकोआच्या मास्तरांच्या बायकोने रेकॉर्ड पापडासारख्या उन्हात वाळत घातल्या! गणपतीला चार मंडळी जमली की कुणीतरी तो सांगायचाच. धोंडू असला की ढोलकी थांबवून म्हणायचा, "काकीला हसायचं नाय. सायक्लोननं नेल्या त्या." आई गेल्यावरही तो विनोद चालू राहिला. मी कधी तोंड उघडलं नाही.

गेल्या हिवाळ्यात धोंडू गेला. भेटायला गेलो तेव्हा ओटीवर बरीच माणसं होती. त्याची बायको लीला डोळे पुसत, थोडं हसत म्हणाली, "त्या ताटल्यांची गोष्ट मी लग्नात पयली ऐकली मंडळींकडून. तुमच्या आईनं पापडासारख्या..."

"आईने मला विचारलं होतं," मी म्हणालो. "घालू का म्हणून. मला माहीत होतं काय होईल ते. मी घाल म्हणालो."

लीलाने डोळ्यांवरचा पदर खाली घेतला.

"तवा तुमी केवढे होतात?"

"एकोणीस."

"मंग मोठेच की," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.

एवढ्यात आत कुणीतरी खोकलं, आणि जुन्या सवयीने मी चार आकड्यांची वाट पाहू लागलो.