साकोलीची वरात

साकोलीच्या बसस्टँडमागे एक टीव्ही दुरुस्त करणारा बसायचा. नीट झालेल्या प्रत्येक टीव्हीवर तो एकच सीडी लावून पाहायचा. काळयंत्रात बसून स्वतःच्याच बापाच्या लग्नात जाऊन पोचलेल्या एका वेंधळ्या शास्त्रज्ञाचा तो सिनेमा होता. गिऱ्हाईक घाईत असलं तरी हा म्हणायचा, "थांबा ना बाप्पा, वरात येऊन राहिली."

ती सीडी मी एकदा न विचारता घरी नेली, तिच्यावर ओरखडा पाडला आणि गुपचूप परत ठेवली. त्यानंतर वरात निघाली की सिनेमा थेट शेवटावर जाऊ लागला. त्याने उंदरांवर आळ घेतला, दुकानात पिंजरा लावला आणि मधली गोष्ट पेचकस हलवत स्वतःच सांगू लागला. वऱ्हाडी शास्त्रज्ञालाच नवरदेव समजून घोडीवर चढवतात, इथे गिऱ्हाईकं पोट धरून हसायची. मी मान खाली घालून हसायचो.

चार वर्षांनी एकदाचं मी कबूल केलं.

"सीडीचं सोडा भाऊ," तो म्हणाला. "मधलं खरं काय होतं, मी तं सारं भुललो. तुमाले आठवते?"

"तुम्ही सांगता तेच."

हेही खोटंच. सिनेमात कोणी घोडीवर चढत नाही, लग्न मुकाट्याने लागतं. पण खरं सांगतो, मला ह्याचीच वरात आवडते.