एकाच माणसाची बैठक

वलवणला आमच्या घरामागची जमीन अशी उतरती आहे की हातातून लिंबू सुटलं तर ते खालच्या जांभळापाशी जाऊनच थांबतं. त्या जांभळाखालून धरणाचं पाणी दिसतं. देहूरोडच्या डेपोतली नोकरी सांभाळून माझ्या नवऱ्याने सुट्टीच्या दिवशी ह्या उतारावर बाग केली होती. गुलाबाचे वाफे, हिरवळीचे तुकडे आणि मधून खाली जाणाऱ्या सिमेंटच्या उभ्या पायऱ्या. पावसाळ्यात त्यांवर शेवाळं धरायचं, पण ते तरातरा उतरायचे.

मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, चालायलाही लागले, पण उजवा पाय ओढत. पायऱ्या संपल्या आणि ते घरात आले ते घरातच राहिले. मी भाजी चिरायला बसले की समोर खुर्ची. मी नमाजला उभी राहिले की दारात काठीचा आवाज. सदऱ्याची बटणं, गोळ्या, अंघोळ, टीव्हीचा आवाज कमी, टीव्हीचा आवाज जास्त. दोन वर्षं मी थकले नाही असं सगळ्यांना सांगत होते. खरं सांगायचं तर मला रोज एक तास हवा होता, ज्यात घरात फक्त मी असेन. त्यासाठी ते एकटे खाली जाऊ शकले पाहिजेत, एवढं साधं गणित होतं.

मुलगी पुण्याला असते. तिला मी म्हटलं, अब्बांसाठी बाग बदलू या. ती हरखली. गुलाब कोण राखणार, आता सगळं नैसर्गिक करा, म्हणाली. कारवी येऊ दे, नेचे येऊ देत, पावसानंतर सोनकी आपोआप फुलेल, अब्बा शांत बसतील. नैसर्गिक हा शब्द मला आवडला, कारण त्यात माझ्या वाट्याला काही काम दिसत नव्हतं.

निसर्गाला त्याच्या जागी परत बसवायला इतकी माणसं लागतात हे मला ठाऊक नव्हतं. पायऱ्या फोडून नागमोडी, कमी चढाची वाट करायची होती, आणि ती नेमकी गुलाबांतून जात होती. मी भीत भीत विचारलं. ते खिडकीतून बघत होते. "काढ," म्हणाले, आणि त्या दिवशी जेवले नाहीत. मलाही वाईट वाटलं, पण कामगारांचा चहा राहिला होता.

पहिल्या पावसात अर्धी वाट वाहून खाली गेली. माती गटारात, दगड जांभळाखाली. पाऊस सरल्यावर पुन्हा दगड वर आणले, वाटेच्या कडेला रचून घेतले, धरायला लोखंडी पाइप बसवला. दिवसभर वर-खाली करून माझेच गुडघे बोलायला लागले. रात्री त्यांच्या पायाला तेल लावताना मला डुलकी लागायची.

शेवटी जांभळाखालची बैठक राहिली. गवंडी गावातलाच होता. दगड मापत म्हणाला, "मावशी, दोगांचा कट्टा करू ना?"

"एकाचा कर."

"एकाचा?" तो थांबलाच. "चाचांसंगं भांडलाय व्हय?"

"जागा कमी आहे."

"जागा लय हाय की हितं!"

त्याने मान हलवली आणि एकाचा केला. मुलीने फोटो पाहून फोन केला, अम्मी, तू कुठे बसणार? मी म्हटलं, मला स्वयंपाक असतो.

पहिल्यांदा ते उतरले तेव्हा ऊन कलतं होतं. एक हात पाइपवर, एक काठीवर. मी उशी घेऊन मागोमाग. वाट चांगली झाली होती, पाय कुठे अडला नाही. दुसऱ्या वळणावर ते थांबले. मला वाटलं, दमले.

"आता तू वर जा," ते म्हणाले. त्यांचे शब्द अजून जड येतात, पण हे स्पष्ट आलं. "सारखी मागे असतेस. दोन वर्षांत मला कधी एकट्याला बसायला मिळालं नाही."

मी उशी त्यांच्या काखेत दिली आणि वर आले. इतका राग आला की मागचं दार आपटलं. माझ्या मनातलं वाक्य त्यांनी मलाच ऐकवलं होतं. ह्या माणसाला माझाही कंटाळा येत असेल, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. घर रिकामं होतं, अगदी मला हवं होतं तसं. मी पलंगावर बसून थोडी रडले, मग आडवी झाले आणि झोपच लागली.

उठले तेव्हा अंधारून आलं होतं. मी घाबरून मागच्या दाराकडे धावले. ते स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले होते, पायजम्याला माती लागलेली, दिवाही न लावता.

"अहो, एकटे चढलात? मला उठवायचं नाही का?"

"झोपली होतीस," ते म्हणाले. मग बराच वेळ शब्द जुळवत राहिले. "उद्या खाली तू जा. मी वर बसतो."