चमच्याचे दोन

आमच्याकडे पऱ्हाटीले, म्हणजे कपाशीले, जोर आणायच्या औषधाले टॉनिक म्हणतात. पंपात झाकणभर टाकायचं न् फवारायचं, पान कसं काळंभोर होते. हे आधीच सांगून ठेवते, कारण सगळं त्या एका शब्दानं झालं.

लग्नाले सोळा वर्षं झालती, मूल नव्हतं. पुसदले माझ्या तपासण्या झाल्या, दोष निघाला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाली, मालकाले आणा. मालक कायले येतात!

त्या साली बोंडअळीनं सगळ्यायले कृषी केंद्रात उभं केलतं. तिथं दुकानदारानं मालकाच्या हाती एक डबा दिला. वर पिळदार दंडाचा माणूस. "पऱ्हाटीचं नेता, हे तुमचं टॉनिक, भाऊ. मर्दानी ताकद."

घरी येऊन मालक म्हणाले, "पऱ्हाटीले चालते, मले काहून नाही?"

"अहो, तुमाले का बोंडं लागतीन?"

किती दिवसांनी दोघं पोट धरून हसलो.

रोज सकाळी दुधात चमचाभर मीच कालवून द्यायची. अन् फरक दिसला बरं! छाती भरली, दंड फुगले, चाल बदलली. सासूबाई म्हणाल्या, "आता तरी तुझी कूस उजवू दे, बाई." तवा मी चमच्याचे दोन केले. कोणाले सांगितलं नाही, मालकालेही नाही.

वर्षभरानं मालक आपणहून पुसदले आले. अंगात भरवसा आलता न! डॉक्टरीणबाईनं तपासणीचा कागद पाह्यला, मग डबा मागितला. म्हणाली, "यात पुरुषाचं हार्मोन मिसळलं असावं. बाहेरून मिळालं की शरीर आपलं बनवणं सोडते. बीजच उरलं नाही. हे बंद करा, वाट पाहा."

मालक खाली मान घालून बोलले, "म्हणजे पऱ्हाटी माजली."

टॉनिक जास्त झालं का झाड डोक्याच्या वर जाते, हिरवंगार, न् बोंड एक नाही. बाईले ते समजलं नाही. मले समजलं.

वाट पाह्यली. दोन वर्षांनी बाई म्हणाली, आता यांचं बरं आहे. पण तोवर माझी पाळी गेलती.

त्यानंतर मालकांनी वावरात टॉनिक कधी फवारलं नाही. त्या दुसऱ्या चमच्याचं सांगायले मी कितीदा जवळ बसली. तोंड उघडलं का ते म्हणत, "राहू दे, डबा मीच आणलता न." अन् मी गप व्हायची. ते गेले तेही तसंच समजून.