लेस्टरची शेवेल आणि डोरिनची व्हॅन

अमेरिकेतल्या फ्लिंट या मोटारींच्या गावात लेस्टर नोवाकला आडनावाने कोणी ओळखत नसे. ‘तो लाल शेवेलवाला’ म्हटलं की पुरे. कारखान्यात लागल्यावर पहिल्या पगारांतून घेतलेली, सत्तर सालची, दोन दारांची गाडी. इंजिन सुरू केलं की शेजाऱ्यांच्या खिडक्या थरथरायच्या. ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांची मिरवणूक निघे, लोक रस्त्याकडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसत, आणि लेस्टर त्यांच्यासमोरून नवरदेवासारखा हळूहळू जाई.

बायको डोरिनची गाडी म्हणजे करडी, सात माणसांची व्हॅन. बटण दाबलं की दार सरकणार, थंडीत सीट गरम होणार, मागे घेताना मागचं पडद्यावर दिसणार. मित्रांनी दोन्ही गाड्यांची तुलना केली की लेस्टर फिस्कन हसे. “ती कसली गाडी? चाकं लावलेला फ्रिज आहे तो!” किराणा, नातवंडं, दवाखाना, सगळं त्या फ्रिजनेच ओढलं. शेवेल वर्षाकाठी दोनशे मैलही चालत नसे.

गॅरेज एकाच गाडीचं. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात आणि मीठ पत्रा खातं, म्हणून नोव्हेंबर ते एप्रिल शेवेल आत, कापडाखाली. सीटवर डांबरगोळ्या, उंदीर शिरू नयेत म्हणून धुराच्या नळीत तारेची घासणी. डोरिनची व्हॅन बाहेर बर्फात. तिच्या आधीच्या चार गाड्याही बाहेरच उभ्या राहिल्या. रोज सकाळी डोरिन काचेवरचा बर्फ खरवडून कामाला जाई. “एक हिवाळा तरी मला आत लावू दे,” ती म्हणे. “पुढच्या वर्षी बघू,” हा म्हणे. अशी एक्केचाळीस वर्षं गेली. त्या माणसाला खरं तर लाज वाटायला हवी होती.

गेल्या जानेवारीत बर्फ खरवडताना डोरिन घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. लेस्टर तेव्हा गॅरेजमध्ये हीटर आणि रेडिओ लावून शेवेलला पॉलिश करत होता. वीस मिनिटं तिची हाक त्याच्या कानावर गेली नाही. शेवटी शेजारणीने ॲम्ब्युलन्स बोलावली.

सात आठवडे ती दवाखान्यात होती. बारमाही उन्हाच्या ॲरिझोनातून मुलगी टॅमी आली आणि आईला कायमचं तिकडे नेण्याच्या गोष्टी करू लागली. लेस्टर मनातून पार हादरला. डोरिन सुटणार त्या सकाळी त्याने शेवेल बाहेर काढली आणि व्हॅन आत लावली.

डोरिनला घेऊन टॅमीची भाड्याची गाडी दारात थांबताच त्याने गॅरेजचं दार उघडलं. “डोरिन, बघ तरी!”

शेवेलच्या टपावर बर्फ साचू लागला होता.

“वा बाबा! आता सुचलं?” टॅमी म्हणाली.

“तू गप गं. डोरिन, ही जागा आता तुझी. कायमची.”

डोरिनने काच खाली केली. आतल्या व्हॅनकडे बघत तिने विचारलं, “किती वेळ लागला रे?”

“कशाला?”

“गाड्या इकडच्या तिकडे करायला.”

ती पाघळली असं वाटून लेस्टरचा चेहरा खुलला. “छे, वेळ कसला? दहा मिनिटं!”

“दहा मिनिटं,” डोरिन म्हणाली. मग मुलीकडे वळली. “टॅमी, माझे कपडे घेऊन ये. उन्हाळ्याचे तेवढेच घे. कोट राहू देत इथेच.”