नवऱ्याची चिठ्ठी

"हिला आत कोणी घेतलं?" वकिलीणबाईनं विचारलं. मले नाही. माह्या डोक्यावरून, दुसऱ्या बाईले.

अमरावतीत बायांच्या मंडळाची सभा होती. इंग्रजाचं राज होतं तवा. पहिल्या खुर्चीवर एका साहेबाची मडम. आमचा मळा शहरापासून दोन कोसांवर. वांगे, मेथी अन् मोगरा. सभेचे गजरे घेऊन मी गेली होती. टोपली ठेवायची अन् निघायचं, एवढंच काम. पन शहरातली डॉक्टरीणबाई भाषन करून राहिली होती. दोन लेकरांत अंतर ठेवता येते म्हने. साधन आहे, औषध आहे. माहे पाय हालेचनात. बायांनी चपला काढल्या होत्या तठी मी खाली बसली.

मले पाच बाळंतपनं झाली होती. पाचव्या वक्ती रगत थांबेना. तवा सुईन म्हनली, "आता पोट राहिलं तं तू वाचत नाही."

भाषन संपलं. मी उठली अन् विचारलं, "बाई, ते मले भेटन काय?"

तवाच वकिलीणबाईनं, हिला आत कोणी घेतलं, ते विचारलं. मंग माह्याकडं वळली. "तुम्हा लोकांना कशाला हवं हे? एक गेलं की दुसरं होतंच तुमच्यात."

खुर्च्यांवरून हसू आलं. दोन लेकरं मी पुरली होती.

डॉक्टरीणबाई हसली नाही. पन म्हनली, "नवऱ्याची चिठ्ठी आण. त्याच्या संमतीशिवाय मला देता येत नाही."

"ह्या बायांनी आनली काय चिठ्ठी?"

मी रिकामी टोपली उचलली.

घरी येऊन सारं सांगतलं अन् चिठ्ठी मागतली. नवरा वांग्याची रोपं निवडत होता. सासूच बोलली. आवाज चढवला नाही. बैल बदलायची गोष्ट करावी तसं म्हनली, "मळ्यात हात पाहिजेत. ही गेली तं दुसरी आनू." नवऱ्यानं मान वर केली नाही. सासूच्या बोलन्याहून मले त्याच्या मानेचंच भेव वाटलं.

त्या महिन्यात पाळी चुकली. एक दिवस, दोन, आठ. मी कोनाले सांगतलं नाही. सासूच्या ध्यानात आलंच. तिनं माह्या आठ वर्षांच्या पोरीले चुलीपाशी बसवलं अन् भाकर थापाले शिकवू लागली. पोरीचा हात भाजला. तरी म्हने, "थाप. तुले आता हे आलंच पाहिजे."

पोरीनं मले विचारलं, "माय, तू कुठी जाऊन राहिली?"

मी तिचा भाजला हात पान्यात धरला. घरातल्यांनी माही जागा आताच भरून टाकली होती.

बाराव्या दिवशी पाळी आली. मोठ्यानं रडली मी, मोटेजवळ, एकटी. त्याच सांजेले माही वाकळ उचलली अन् पोरीजवळ टाकली.

नवऱ्यानं हाक मारली.

"मी येत नाही."

"काहून?"

"मले मरायचं नाही."

त्यानं मारलं. हिवरखेडले, माहेरी धाडून देईन म्हने. दुसऱ्या दिवशीही मी पोरीजवळच झोपली. मंग बाजाराच्या दिवशी भाजी विकून डॉक्टरीणबाईच्या दवाखान्यात गेली.

"चिठ्ठी आणलीस?"

"नाही. बाळंतपनात जीव माहा जाते, त्याचा नाही. कागदावर अंगठा माहा घ्या."

तिनं घेतला नाही. मी पायरीवर बसली. कंपाउंडर उठ म्हनला, नाही उठली. पुढच्या बाजाराले शेजारच्या कोष्ट्याची सून माह्यासंग आली. सात लेकरांची माय. त्याच्या पुढच्या बाजाराले आमी चौघी होतो.

डॉक्टरीणबाईनं अजून काही दिलं नाही. घरी दुसरी बायको पाहून राहिले, मले सारं ऐकू येते. पाहू द्या. मी पायरी सोडत नाही, अन् नवऱ्याच्या वाकळीवर जात नाही. पोरीचं लग्न काढतीन तवा मी मधात उभी राहीन. ह्या घरात आता बाईच्या पोटाचं बाईले विचारल्याबिगर ठरनार नाही.