डोक्यावर उभं खोकं

दाजींना सरळ ठेवलेल्या वस्तूवर काम करता येत नाही, असं त्यांची बायको सांगते, आणि ते खरं आहे. जोड्यांच्या कारखान्यात एकोणचाळीस वर्षं त्यांनी सोल चिकटवले. सोल चिकटवताना जोडा फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर, उलटा असतो, तळ वर. त्यामुळे निवृत्तीनंतर घरातलं स्टूल असो की टोस्टर, दाजी आधी त्याला डोक्यावर उभं करतात. टोस्टरमधला सहा महिन्यांचा चुरा तेव्हा गादीवर सांडला होता. तो विषय अजून निघतो.

मेहुणा त्यांना दाजी म्हणायचा. हळूहळू अख्खी इमारत म्हणू लागली, सासूसुद्धा.

निवृत्तीच्या दुसऱ्याच महिन्यात शेजाऱ्यांनी माळ्यावरचा जुना स्पीकर टाकायला काढला. आवाज ठणठणीत, पण खोक्याची साल निघालेली. दाजींनी त्याला विनियर लावलं. विनियर म्हणजे खऱ्या लाकडाचा वहीच्या पुठ्ठ्याइतका पातळ काप. चिकटवायला तेच रबर सोल्युशन, जे त्यांच्या बोटांना पाठ होतं. कडा बसवायला तीच गोल तोंडाची हातोडी. स्पीकर असा देखणा झाला की शेजाऱ्यांनी तो परत मागितला. वर्षभरात मागच्या खोलीत अकरा खोकी जमली आणि खोलीचं दार अर्धंच उघडू लागलं.

खोलीवर बायकोचाही डोळा होता. ती कॉलेजात टेबल टेनिसची चँपियन. एकसष्टाव्या वर्षी तिनं पुन्हा बॅट हातात धरली होती, तीन मैत्रिणींसह. ज्या हॉलमध्ये त्या खेळत तो आता बंद होणार होता आणि तिथलं टेबल न्यायला कुणी तयार नव्हतं.

"मी आहे ना तयार," ती म्हणाली. "खोली रिकामी करा."

"आणि माझी खोकी?"

"तुमची खोकी तुमच्या डोक्यावर."

शेवटी तोडगा निघाला. तिच्या थोरल्या भावाचे, म्हणजे त्याच मेहुण्याचे, दोन स्पीकर दाजींकडे आले होते. हा भाऊ ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत जन्मभर नोकरी केलेला, लग्नाच्या जेवणातसुद्धा दोष काढणारा. रविवारी तो जोडी बघायला येणार. त्यानं पसंत केली तर खोली दाजींची, कायमची. नाही केली तर टेबल आत, खोकी बाहेर.

दाजी कामाला लागले. पहिलं खोकं त्यांनी रिवाजाप्रमाणे उलटं ठेवलं, तळ वर. आतले कर्णे, म्हणजे आवाज काढणारे गोल भाग, काढलेले, धूळ जाऊ नये म्हणून तोंडावर वर्तमानपत्र. अक्रोडाची सहा फुटी पट्टी एकाच वेढ्यात खोक्याभोवती फिरवायची आणि दोन टोकं तळाला जुळवायची, म्हणजे सांधा कुणाला दिसत नाही. सोल्युशन दोन्हीकडे लावून सुकवायचं, मधे कागद सरकवायचा आणि कागद ओढत ओढत लाकूड टेकवायचं. टेकलं की टेकलं. पुन्हा उचलणं नाही. पट्टी इतकी सुरेख बसली की दाजी खोक्याभोवती एक गिरकी घेऊन आले.

दुसरं खोकं त्यांनी तसंच उलटं ठेवलं आणि चहा प्यायला गेले. तेवढ्यात बायको केर काढायला आली. डोक्यावर उभी वस्तू तिला बघवत नाही. तिनं ते सरळ केलं आणि केर भरून निघून गेली.

दाजी परतले. समोर खोकं. कामाला घेतलंय म्हणजे उलटंच असणार. एकोणचाळीस वर्षांत कधी सरळ नव्हतं. त्यांनी वरच्या बाजूला तळ समजून सांधा तिथं जुळवला, हातोडीनं चापून बसवला, वर्तमानपत्र काढलं आणि पाहिलं तर मोठं भोक खाली, लहान वर, म्हणजे खोकं सरळच उभं. सांधा बरोब्बर माथ्यावर, भांगासारखा.

दाजींना आधी घाम फुटला. मग हसू फुटलं. ते हसू थांबेना, म्हणून बायको धावत आली.

"काय झालं?"

"याला कुणी सरळ केलं?"

"मी केलं. बिचारं कधीचं डोक्यावर उभं होतं."

दाजी फरशीवर बसले आणि डोळे पुसत राहिले. तिनं भांग पाहिला, खोली आपल्याला मिळणार हे तिच्या ध्यानात आलं, आणि तीही त्यांच्या शेजारी बसून हसू लागली. अक्रोडाची दुसरी तशी पट्टी कुठं मिळणार नव्हती.

रविवारी मेहुणा आला. दाजींनी स्पीकर लावून ठेवले होते, माथा न झाकता. मेहुणा वाकला, नखानं कड दाबली, जमिनीवर आडवा होऊन तळ पाहिला. मग उठून खुर्चीत डोळे मिटून अर्धा तास ऐकत बसला.

"दाजी, मानलं," तो म्हणाला. "माथ्यावरची ती रेघ म्हणाल तर ज्यावर हे ठेवणार ते माझं कपाट सहा फुटी आहे. वरून कोण बघतंय? पसंत."

दाजींनी बायकोकडे पाहिलं. ती पदराशी चाळा करत होती.

"नाही," दाजी म्हणाले.

"काय नाही?"

"एकाचा सांधा तळाला, एकाचा माथ्याला. याला जोडी म्हणत नाहीत, दादा. कारखान्यात मी असा जोड स्वतः बाजूला काढला असता. खोली हिची."

"अहो, वेड लागलंय का? तो पसंत म्हणतोय."

"तो म्हणतोय. मी नाही म्हणत."

"पण सरळ तर मी केलं होतं."

"मग काय झालं? बघायला मला डोळे होते."

मेहुणा आळीपाळीनं दोघांकडे पाहत राहिला. "तुम्ही दोघं खोलीसाठी भांडताय की खोली एकमेकांच्या गळ्यात मारताय?"

बुधवारी टेबल आलं. जिन्याच्या वळणावर अडकलं, दोनदा खाली गेलं, शेवटी आत शिरलं. अकरा खोकी गॅलरीत एकावर एक चढली. संध्याकाळी बायकोच्या तिन्ही मैत्रिणी आल्या, आणि पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांत उंच मैत्रिणीच्या बॅटीचं रबर सुटून चेंडूबरोबर जाळीपलीकडे गेलं.

दाजी दारातच होते. त्यांनी बॅट हातात घेतली, अंगठ्यानं लाकूड चाचपलं, दुसरी बॅट मागितली, मग तिसरी. चारही बॅटींची रबरं कडेनं उचललेली.

"चिकटवलीत कशी ही? थुंकी लावून?" ते म्हणाले. "उद्या सकाळपर्यंत थांबा. सोल्युशन आहे."

"कुठं करणार?" बायकोनं विचारलं. "गॅलरीत पाय ठेवायला जागा नाही."

तिनं खोलीत नजर फिरवली, टेबलाला हात लावून पाहिला आणि मैत्रिणींना म्हणाली, "जरा धरा गं. खिडकीपासून तीन फूट सरकवू."